हर्सूलचा समुद्र आणि तुरटीचा खडा

समजा, तुम्हाला घराच्या बैठकीत समुद्र सांभाळायचा आहे. तोही हर्सूलमध्ये, जिथं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं आणि नाही आलं तर टँकरवाल्याच्या मिनतवाऱ्या कराव्या लागतात. रविवारी सकाळी उठून तुम्ही आधी आरओ मशीनमधून पाणी काढता. क्षार मोजायच्या मीटरवर शून्य दिसेपर्यंत ते पाणी कामाचं नाही. एक बादली शुद्ध पाणी मिळताना मशीननं नाकारलेलं दोन-तीन बादल्या पाणी बाजूला पडतं. ते फरशीला आणि संडासाला वापरायचं. शुद्ध पाण्यात तोलून समुद्री मीठ घालायचं, पंप लावून ते विरघळू द्यायचं, आणि काचेच्या टाकीतलं जुनं पाणी काढून तेवढंच नवं भरायचं. एवढ्यावर भागत नाही. मे महिन्यात टाकीतलं पाणी रोज वाफ होऊन उडतं. उडतं ते गोडं पाणी, मीठ मागं राहतं. म्हणून रोज वरून गोडं पाणीच ओतावं लागतं. समुद्र गोडं पाणी पितो, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण हिशेब तसाच आहे.

आता अशीही कल्पना करा, की हे सगळं करताना तुमच्या पाठीमागं खुर्चीवर एक माणूस बसलेला आहे. तुमचा, तुमच्या टाकीचा आणि तिच्यातल्या प्रत्येक जिवाचा त्याला मनापासून तिटकारा आहे.

सुलेखाताईंनी जवळपास वर्षभर हे काम असं केलं. खुर्चीवर बसलेला माणूस म्हणजे त्यांचे सासरे, कडुबा.

सुलेखाताई शहरातल्या एका खासगी रुग्णालयात डायलिसिस तंत्रज्ञ आहेत. तिथला आरओ प्लांट दुरुस्त करायला मी जातो, ओळख तिथली. पाण्याबद्दल त्या कुणाचंच ऐकत नाहीत, माझंही नाही. मी प्लांट ठीक आहे म्हणून सही केली, तरी त्या स्वतःच्या मीटरनं पुन्हा तपासतात. डायलिसिसमध्ये ते पाणी माणसाच्या रक्ताच्या शेजारून वाहतं, मध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. तिथं अंदाजाला जागा नाही, आणि ही सवय ताई घरीही घेऊन जातात.

टाकी त्यांना वहाबभाईंमुळं मिळाली. शहागंजच्या एका गल्लीत वहाबभाईंचं दुकान होतं, पुढं पोपटांचे पिंजरे आणि मागं मासे. किडन्या गेल्यावर ते ताईंच्या मशीनवर येऊ लागले. डायलिसिसच्या पेशंटला पाणीही मोजून प्यावं लागतं. वहाबभाई दिवसभराचं पाणी एका छोट्या बाटलीत घेऊन फिरायचे आणि ताईंना त्यांच्या घरच्या समुद्री टाकीचे फोटो दाखवायचे. मला पाणी पिता येत नाही, बघता तर येतं, असं म्हणायचे. प्रकृती ढासळली तेव्हा त्यांनी टाकी ताईंना देऊन टाकली. तिच्यात प्रवाळाचा अंगठ्याएवढा एक तुकडा होता. हिरवे, मऊ हात आणि प्रत्येकाच्या टोकाला हातोडीसारखा आकार, म्हणून पाळणारे त्याला हॅमर म्हणतात. वहाबभाई गेले. हॅमर वाढत राहिलं. हातांच्या मधोमध असलेल्या एका तोंडाची दोन झाली, दोनाची चार, आणि मागच्या उन्हाळ्यात ओंजळीत मावणार नाही एवढा हिरवा गुच्छ पंपाच्या लाटेवर डुलत होता. ताई त्याला वहाबभाईंचं हॅमर म्हणायच्या. टाकीत दुसरं काही मेलं तर हळहळायच्या. हे मरू द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलेलं होतं.

कडुबा आले ते सासूबाई वारल्यानंतर. देवगाव रंगारीच्या पलीकडच्या एका खेड्यात ते ग्रामपंचायतीचे पाणी सोडणारे होते. त्यांच्या आईला आडाला हात लावायची मुभा नव्हती. ती घागर घेऊन लांब उभी राहायची आणि कुणाला दया आली तर वरून पाणी ओतलं जायचं. पुढं गावात टाकी झाली, नळ आले आणि टाकीची किल्ली कडुबांच्या कमरेला आली. तुरटी कधी फिरवायची, ब्लीचिंग पावडर किती टाकायची, कुठल्या आळीला आधी पाणी सोडायचं, हे ते ठरवायचे. ज्यांच्या घरच्यांनी त्यांच्या आईला ताटकळत ठेवलं होतं, ते लोक कॉक कधी फिरवणार म्हणून त्यांना विचारायला यायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी किल्ली परत केली, पण तुरटीचा खडा सोबत ठेवला. मुठीएवढा खडा, आणि त्याला आडवी-उभी सुतळी बांधलेली. सुतळी धरून खडा पाण्यात सोडायचा, गोल फिरवायचा, गढूळपणा फुटू लागला की वर ओढून घ्यायचा. हर्सूलच्या घरी आल्या आल्या त्यांनी तो मोरीजवळच्या खिळ्याला टांगला.

पहिल्याच रविवारी त्यांनी ताईंना मीठ कालवताना पाहिलं. काय चाललंय ते विचारलं. ताईंनी सांगितलं.

"म्हंजे गोडं पाणी मुद्दाम खारं करायचं?" कडुबा म्हणाले.

"हो मामा."

"आमच्याकडं इहीर खारी झाली तर लोक रडतेत."

तेव्हापासून त्या घरात शांतता राहिली नाही. कडुबांच्या बाजूनं बोलायचं तर त्यांचं म्हणणं साधं होतं: पाणी पिण्यासाठी असतं. ताईंच्या बाजूनं बोलायचं तर टाकीला लागणारं पाणी त्या स्वतःच्या आंघोळीत आणि धुण्यात काटकसर करून भरून काढायच्या. पण दोघांपैकी कुणीही एवढ्यावर थांबलं नाही. कडुबा पाण्याचा तांब्या घेऊन टाकीसमोर बसायचे आणि माशांना म्हणायचे, प्या बाबांनो, तुमचं झालं की मग आमचं. पाहुणे आले की सांगायचे, आमची सून दिवसभर पेशंटचं रक्त धुते आन घरी येऊन दगडं धुते. प्रवाळ जिवंत असतं हे त्यांनी कधीच मान्य केलं नाही. ते त्याला दगड म्हणायचे.

ताईही कमी नव्हत्या. त्यांनी आरओच्या नळावर चिठ्ठी चिकटवली: हात लावू नये. गावातल्या टाकीवर हीच पाटी कडुबांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली होती, हे त्यांना नवऱ्याकडून कळलेलं होतं. चिठ्ठी त्यानंतर लावली. टँकरच्या पाण्यात कडुबा तुरटी फिरवायला लागले, तर ताईंनी पिण्याचं पिंप वेगळं केलं आणि त्याला तुरटी लावायची नाही म्हणून बजावलं. एकदा इंद्रजीतचे, म्हणजे ताईंच्या नवऱ्याचे, शाळेतले सहकारी जेवायला आले होते. कडुबा गावच्या टाकीच्या गोष्टी सांगत होते. ताईंनी पोळी वाढता वाढता म्हटलं, की मामांनी सगळ्या गावाला आयुष्यभर अंदाजानं पाणी पाजलं, मीटर एक दिवस हातात धरला नाही, नशीब गावाचं. पाहुणे हसले. कडुबांनी ताट सरकवलं आणि हात धुतला.

त्याच आठवड्यात तुरटीवरून बोलाचाली झाली. ताईंनी त्यांना समजावून सांगितलं, आणि मी तिथं असतो तर मीही हेच सांगितलं असतं, की तुरटीत ॲल्युमिनियम असतं. पोटातून ते फारसं अंगात जात नाही, पण डायलिसिसच्या पाण्यात राहिलं तर थेट रक्तात उतरतं आणि पेशंटचा मेंदू खराब करतं. टाकीतल्या जिवांचंही तसंच, ते पाण्यातच राहतात, पाण्यातूनच श्वास घेतात.

"तुमची तुरटी आमच्याकडं विष आहे, मामा," ताई म्हणाल्या.

"माझ्या तुरटीनं गावातली हगवण थांबली," कडुबा म्हणाले. "तुझ्या मशीननं कोण बरं झालं ते सांग."

डायलिसिसनं कुणी बरं होत नाही. फक्त पुढचा दिवस मिळतो. ताईंना तो शब्द लागला, आणि लागावा म्हणूनच तो बोलला गेला होता. त्यानंतर त्या कडुबांचे फोन घेईनाशा झाल्या. दुपारी ड्युटीवर असताना फोन यायचा तो बहुतेक असाच असायचा, पाणी संपलं, तुझ्या माशांनी प्यालं, किंवा टाकीतला पंप आवाज करतो, बंद करू का.

एप्रिलच्या शेवटी कुठं तरी जलवाहिनी फुटली आणि पाण्याचा दिवस पुढं गेला. घरात पिंपभर पाणी उरलं होतं. टाकीसाठी मीठ घालून तयार ठेवलेलं पाणी एका कॅनमध्ये होतं, तेवढंच. ताई सकाळी ड्युटीवर गेल्या, इंद्रजीत नेहमीप्रमाणे फुलंब्रीला शाळेवर गेला. कडुबा घरी एकटे.

दुपारी टाकीतलं पाणी पांढरं झालं. दुधाचा थेंब पडावा तसं आधी एका कोपऱ्यात, मग सगळीकडं. मासे दिसेनासे झाले. झालं होतं ते असं: टाकीत काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी होत्या. त्यांनी वरच्या काठाला येऊन एकदम बीज सोडलं होतं. बंदिस्त टाकीत असं क्वचित होतं, आणि जीव सुखात असले तरच होतं. काही न करता ते संध्याकाळपर्यंत निवळलं असतं. पण हे कडुबांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांना दिसत होतं ते नासलेलं पाणी.

त्यांनी ताईंना फोन केला. ताई एका पेशंटला सुई लावून नुकत्याच मोकळ्या झाल्या होत्या. मोबाईलवर नाव बघितलं आणि त्यांनी तो टेबलावर उलटा ठेवला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला. तोही नाही घेतला. कडुबांनी इंद्रजीतला लावला, तो वर्गात होता.

मग कडुबांनी मोरीजवळच्या खिळ्यावरून खडा काढला.

ताई संध्याकाळी घरी आल्या तेव्हा टाकी कधी नव्हती इतकी स्वच्छ दिसत होती. पलीकडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे पाण्यातून वाचता येत होते. क्षणभर त्यांना बरं वाटलं, असं त्या सांगतात. मग दगडांवर बसलेला पांढरा, सुटा गाळ दिसला. गोगलगायी तळाला उताण्या पडल्या होत्या. हॅमर मिटलेलं होतं, आणि त्याच्या तोंडांतून तपकिरी चिकट धागे लोंबत होते.

"मामा, यात काय टाकलं?"

"पाणी नासलं व्हतं. साफ केलं."

"काय टाकलं?"

"गावाला टाकत होतो तेच."

ताईंनी बाह्या वर केल्या आणि हात आत घातला. टाकीच्या मागच्या कप्प्यात, जिथून पंप पाणी ओढतो, तिथं त्यांच्या बोटांना काही तरी गुळगुळीत लागलं. बाहेर काढलं. तुरटीचा खडा, विरघळून झिजलेला, आता सुपारीएवढा. सुतळी नाही. दुपारपासून सगळं पाणी त्या खड्यावरून वाहत होतं.

त्यांनी तो तळहातावर धरून कडुबांपुढं केला. कडुबांनी बघितलं.

"राहिला वाटतं," ते म्हणाले.

पुढचं सगळं पाण्याचं भांडण होतं, आणि मी ऐकलेल्या भांडणांतलं हे सगळ्यात वाईट. हॅमर वाचवायचं तर टाकीतलं पाणी ताबडतोब बदलायला हवं होतं, निम्म्याहून जास्त. कॅनमधलं तयार पाणी ताईंनी ओतलं, ते कुठल्या कुठं गेलं. आणखी बनवायचं तर पिंपातलं पाणी आरओला लावायला हवं. त्यातलंही बहुतेक वाया जाणार. नळाला पाणी कधी येईल ते कुणाला ठाऊक नव्हतं. ताई बादली घेऊन स्वयंपाकघरात गेल्या तर कडुबा पिंपाच्या झाकणावर बसलेले.

"उठा."

"हे प्यायचं पाणी हाय."

"मामा, उठा. ते मरतंय."

"दगडं मरत नसतेत."

ताईंनी बादली त्यांच्या पायाशी आपटली. ती त्यांच्या अंगठ्याला लागली. कडुबा हलले नाहीत. ते म्हणाले, माझी आय लोकांच्या दारात पाण्यासाठी उभी राहिली, तू माझ्या डोळ्यादेखत प्यायचं पाणी मिठात घालणार. ताई म्हणाल्या, तुम्हाला पाण्याची नाही, किल्लीची आठवण येते, इथं तुम्हाला कुणी विचारत नाही म्हणून झाकणावर बसता. कडुबा म्हणाले, तुझा तो शहागंजवाला मेला तेव्हा रडलीस तेवढी सासू गेली तेव्हा नाय रडलीस. ताई म्हणाल्या, तो बरा माणूस होता.

याच वेळी इंद्रजीत आला. हेल्मेट काढायच्या आधीच त्याला दोन्ही बाजूंनी सगळं ऐकावं लागलं. त्यानं वडिलांना आबा उठा म्हणून बघितलं, मग बायकोला जाऊ दे म्हणून बघितलं. दोघांनीही त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. शेवटी तो स्कूटर घेऊन गेला आणि पाण्याचे जार विकणाऱ्याकडून मिळाले तेवढे जार पायाशी ठेवून आणले, दोन खेपांत. ताईंनी जारच्या पाण्यात मीटर बुडवला. शून्य नव्हतंच. पण दुसरा उपाय नव्हता. कडुबा तोपर्यंत झाकणावर बसून होते. गरज संपल्यावरही बसून होते.

अंथरुणं घालायच्या आधी ताई मोरीत हात धुवायला गेल्या तेव्हा त्यांना सुतळी दिसली. खिळ्याला टांगलेली, ओली. त्यांनी ती उपटून कचऱ्याच्या डब्यात घातली. सकाळी घंटागाडी आली, डबा रिकामा झाला.

हॅमर त्या रात्री मेलं नाही. ते चार दिवस मरत राहिलं. एकेका तोंडाचं मांस सुटून पाण्यात तरंगायचं आणि खाली पांढरा सांगाडा उरायचा. घरात वास सुटला. पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं. कडुबांनी सगळी भांडी भरून ठेवली, पिशवी घेतली आणि गावाला निघून गेले. इंद्रजीत सोडायला निघाला, त्यालाही येऊ दिलं नाही. ताई ड्युटीवर होत्या. आपण बोलावलं नाही आणि बोलावणारही नाही, असं त्यांनी त्याच दिवशी इंद्रजीतला सांगून टाकलं.

गुच्छातलं एक तोंड वाचलं. वहाबभाईंनी दिलं होतं तेवढंच, अंगठ्याएवढं. मी गेल्या महिन्यात बघून आलो. दुपारच्या उजेडात ते उघडतं, दहा-बारा हातोड्या हलतात. ताई आता टाकीला कुलूप असलेलं झाकण बसवून घेणार आहेत. कुणासाठी, हे मी विचारलं नाही. घरात आता दोघंच असतात.

मला वाटलं होतं गोष्ट इथं संपली. पण मागच्या आठवड्यात रुग्णालयात प्लांटचे फिल्टर बदलताना ताई शेजारी उभ्या होत्या आणि त्यांनी आपणहून विषय काढला. सासूबाईंच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे वर्षाच्या स्मरणाच्या कार्यक्रमाला, त्या गावी जाऊन आल्या होत्या. कडुबांनी ओसरीवर बसायला सांगितलं आणि आतून पाण्याचा पेला आणला.

"घे," ते म्हणाले. "यात काय नाय टाकलं."

ताईंनी पेला घेतला. त्यांना एकच गोष्ट विचारायची होती. खड्याला सुतळी नेहमी घट्ट बांधलेली असायची. तुरटी झिजून लहान झाली तर ती बांधलेल्या फासातून निसटू शकते, गाठ तशीच राहते. मग ती चूक. म्हाताऱ्या माणसाचं लक्ष नव्हतं, खडा आत पडला, सगळा विरघळला असं समजून त्यांनी रिकामी सुतळी टांगली. पण गाठ सोडलेली असेल, तर खडा हातानं आत ठेवला होता. जन्मभर पाण्यात खडा फिरवून वर काढणारा माणूस, ज्याला ती तुरटी काय करते हे नुकतंच सांगितलेलं होतं, त्यानं ठेवला होता. सगळं उत्तर त्या सुतळीत होतं. ताईंनी ती हातात धरली होती, आणि रागात बघितली नव्हती.

त्या विचारणार होत्याच. पण कडुबाच आधी बोलले.

"त्या दिवशी मी फोन लावला व्हता. का नाय उचलला?"

ताई पाणी प्यायल्या, पेला उपडा घातला आणि पंगतीत वाढायला उठून गेल्या. त्यांचं उत्तर त्यांना माहीत आहे. नाव बघून फोन उलटा ठेवला, एवढंच आहे ते. पण ते दिल्याशिवाय त्यांना स्वतःचा प्रश्न विचारता येत नाही, आणि त्या ते देणार नाहीत, कडुबांना तर नाहीच.

माझं फिल्टर बसवून झालं. ताईंनी सवयीनं स्वतःचा मीटर पाण्यात धरला, आकडा बघितला, पुन्हा एकदा धरला. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "सुतळी ओली होती, एवढं मला पक्कं आठवतं. पण गाठ बांधलेली होती, की सोडलेली?"